परमुलुखातले गाणे आणि कृष्णाकाठ : प्रस्तावना

५ मे १९०१ रोजी, मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर असलेल्या लाहोर शहरात, गांधर्व महाविद्यालय या नावाची एक संगीतशाळा सुरू झाली. जिच्या परंपरेतील परीक्षांना आजही देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी बसतात त्या या शाळेचा पाया घालणारा अठ्ठावीस वर्षांचा, अधू डोळ्यांचा तरुण गवई आपले आडनाव पलूसकर असे सांगत होता. हे घराणे मूळचे गाडगीळांचे. पलूस गावचे म्हणून त्यांस पलूसकर म्हणू लागले. विष्णु दिगंबरांचा जन्म कुरुंदवाडचा, १८ ऑगस्ट १८७२ चा. वडील दिगंबरपंत कीर्तनकार, त्यामुळे सुरांचा आणि भगवन्नामाचा संस्कार घरातच झालेला. ज्या गावाचे नाव त्यांनी पंजाबात, संयुक्त प्रांतात, गुजरातेत आणि मुंबईत आमरण वागविले, त्या गावात आज द्राक्षांच्या बागा, उसाचे फड आणि शेजारच्या किर्लोस्करवाडीचा कारखाना यांविषयी जितके बोलले जाते तितके या नावाविषयी बोलले जात नाही, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस सलत आली आहे. आणि प्रस्तुत लेखसंग्रहास प्रस्तावना लिहिण्याचे मी आनंदाने पत्करले याचे मुख्य कारण तेच होय.

संग्रहाचा विषय मात्र एका थोर पुरुषाच्या चरित्राहून विस्तृत आहे. आपली जन्मभूमी, आपली बोली आणि आपल्या ओळखीचा श्रोतृवर्ग मागे टाकून जे गवई परमुलुखात जाऊन राहिले, आणि तेथील अनोळखी माणसांच्या कानांत व कंठांत ज्यांनी आपली परंपरागत विद्या उतरविली, त्यांची ही हकीकत आहे. अशा माणसांची ये-जा कृष्णेच्या या खोऱ्यातून दोन्ही दिशांनी झाली. उत्तरेकडचे खाँसाहेब येथे आले आणि येथल्याच मातीत विसावले. येथले बुवा उत्तरेस गेले आणि तिकडच्या शहरांचे शिक्षक झाले. पलूस, तासगाव, सांगली, मिरज, कुरुंदवाड, इचलकरंजी एवढ्याशा टापूत हे सारे घडावे याला कारणही तसेच होते. इंग्रजांच्या सातारा जिल्ह्याची हद्द, पटवर्धनांच्या संस्थानांच्या हद्दी, औंधाच्या प्रतिनिधींकडे असलेला कुंडलचा मुलूख, इचलकरंजीची जहागीर आणि पलीकडे कोल्हापूरचे राज्य, अशा अनेक सत्ता येथे एकमेकींत गुंतलेल्या होत्या. राज्ये लहान, वसूल बेताचा, पण प्रत्येक दरबारास आपल्या पदरी एक तरी नामांकित गवई असावा अशी हौस. त्यामुळे एका ठिकाणची तैनात सुटली तरी आठ-दहा कोसांवर दुसरी मिळण्याची आशा गुणी माणसास वाटत असे. राजकीय दृष्ट्या ज्या तुकडेवजा रचनेला आपण नावे ठेवतो, तिनेच येथे संगीताला अनेक आसरे दिले.

हा विषय आपल्या खोऱ्यापुरता, किंबहुना आपल्या देशापुरताही नाही, हे वाचकाच्या ध्यानी यावे म्हणून एका फार दूरच्या बेटाचे उदाहरण देतो. क्यूबा बेटावर स्पॅनिश वसाहतवाल्यांची गिटार आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे ढोल यांच्या सहवासातून जे संगीत निपजले, त्याचा सारा डोलारा क्लाव्हे नावाच्या दोन लाकडी दांड्यांवर वाजविल्या जाणाऱ्या एका ठराविक आवर्तनावर उभा असतो. ज्याला ते आवर्तन अंगी मुरविता आले नाही त्याला ते संगीत वाजविता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बेटावरचे वादक पोटासाठी आणि नावासाठी न्यूयॉर्कला जाऊ लागले. मारिओ बाउझा १९३० मध्ये गेला. त्याचा मेहुणा माचितो १९३७ मध्ये, आणि १९४० मध्ये त्यांनी तेथे आपला वाद्यवृंद उभारला. १९४७ मध्ये चानो पोझो नावाचा ढोलवादक डिझी गिलेस्पी या अमेरिकन वादकाच्या वृंदात दाखल झाला. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. पण वृंदाच्या बसच्या प्रवासात तो सहकाऱ्यांच्या हाती एकेक ढोल देई, प्रत्येकास निराळी लय लावून देई, आणि या साऱ्या लयी एकमेकींत कशा बसतात हे त्यांच्याकडून वाजवून घेई. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गोळी लागून तो मेला. परदेशातले त्याचे आयुष्य इतके अल्प, तरी त्या बसमध्ये दिलेली तालीम अमेरिकन जाझ संगीतात कायमची राहिली.

या उदाहरणावरून जो विचार मनात येतो तोच या संग्रहाच्या वाचनानेही दृढ होतो. परमुलुखात गेलेल्या कलावंतापुढे दोन वाटा असतात. आपली कला सादर करावी, ऐकणाऱ्यांनी थक्क व्हावे आणि बिदागी द्यावी, ही एक. दुसरी वाट फार कष्टाची: परक्या माणसाशेजारी मांडी घालून बसावे, त्याच्या चुका सोसाव्या, जे आपल्याला लहानपणापासून न शिकविताच आले ते शिकविता येईल अशा रीतीने मांडावे, आणि स्वतःची भाषाही त्याच्यासाठी बदलावी. माझे मत असे आहे की परमुलुखात गाणे रुजते ते या दुसऱ्या वाटेने. पहिल्या वाटेने गेलेल्यांची थोरवी कमी नाही. त्यांच्यावाचून दुसऱ्या वाटेवरच्यांना आपण काय शिकवावे याची कल्पनाही आली नसती. परंतु त्यांचे गाणे त्यांच्याबरोबर जाते. ज्यांनी ऐकले त्यांच्या आठवणीपुरते उरते.

आपल्याकडे जे ग्वाल्हेरचे गाणे म्हणून प्रतिष्ठा पावले तेही ग्वाल्हेरीस बाहेरूनच आलेले होते. परंपरा सांगते की नथ्थन पीरबक्ष हे लखनौहून ग्वाल्हेरीस आले, आणि त्यांच्या नातवांपैकी हद्दू खाँ व हस्सू खाँ या बंधूंनी शिंदे सरकारांच्या आश्रयाने ख्यालगायनास जे भरदार रूप दिले त्यालाच पुढे ग्वाल्हेर घराणे म्हणू लागले. मराठी राज्यकर्त्यांचे ते शहर असल्यामुळे महाराष्ट्रातून विद्यार्थी तेथे जात. कोकणातून गेलेले वासुदेवबुवा जोशी हे हस्सू खाँसाहेबांचे शिष्य. त्यांच्या पायाशी जाऊन बसले ते इचलकरंजीजवळच्या चंदूर गावी १८४९ साली जन्मलेले बाळकृष्णबुवा. पायी प्रवास, माधुकरी, धारेस देवजीबुवांकडे घालविलेला काळ, आणि मग वासुदेवबुवांच्या घरची सेवा व अखंड मेहनत, अशा दिव्यातून पार होऊन बुवा परत आले. मुंबईची हवा त्यांच्या दम्याला मानवेना म्हणून मिरजेस राहिले, आणि अखेरीस इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या आश्रयाने इचलकरंजीकर हेच त्यांचे नाव होऊन बसले. महाराष्ट्रात ख्यालगायनाचा विस्तार झाला त्यात सर्वांत मोठा वाटा त्यांचा. नाट्यगीत आणि लावणी यांच्या ठेक्यावर वाढलेल्या श्रोत्यांपुढे विलंबित ख्यालाची संथ बढत मांडावयाची, आणि ऐकणारा कंटाळून उठून जाऊ नये इतकी ती रंजक ठेवावयाची, हे काम सोपे नव्हते. मिरजेस त्यांच्याकडे शिष्यांची जी मांदियाळी जमली तिच्यात मुलांना जेवूखाऊ घालण्यापासून पहाटेच्या षड्जसाधनेपर्यंत सारे बुवांच्या देखरेखीखाली चाले. बुवा स्वतःच्याच मुलखात परतले होते, परंतु त्यांच्या कंठातले गाणे या मुलखाला परके होते. ते त्यांनी शिकवून आपले करून दिले.

याच काळी पहिल्या वाटेचा एक विलक्षण प्रवासी आपल्या खोऱ्यात आला, आणि त्याला आणणारा माणूस खास आपल्या पलूस तालुक्याचा. औदुंबरच्या दत्तक्षेत्रास लागून असलेल्या अंकलखोप गावी जन्मलेले विष्णुपंत छत्रे हे भारतीय सर्कशीचे आद्य प्रवर्तक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. १८८० साली मुंबईस त्यांनी आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. परंतु घोडे फिरविण्याची विद्या शिकण्यासाठी ते ग्वाल्हेरीस गेले असता तेथे त्यांनी हद्दू खाँसाहेबांकडे गाण्याचीही तालीम घेतली होती, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहमत खाँ पित्याच्या निधनानंतर मनाने खचले. अफूच्या आहारी जाऊन काशीच्या रस्त्यांतून भणंग अवस्थेत फिरू लागले. सर्कस घेऊन हिंडणाऱ्या छत्र्यांना ते तेथे सापडले. गुरुपुत्राला त्यांनी आपल्याबरोबर घेतले, सांभाळले, माणसांत आणले. पुढे सर्कस जाईल तेथे खाँसाहेबांची बैठक होऊ लागली. ज्या काळी थोर गवय्याचे गाणे ऐकावयाचे तर दरबाराच्या आमंत्रणावाचून गत्यंतर नव्हते त्या काळी, एका मराठी सर्कशीच्या आश्रयाने, हे गाणे गावोगावच्या सामान्य माणसाच्या कानी पडले. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी हा सांभाळ तसाच चालविला, आणि भूगंधर्व ही पदवी ज्यांनी सार्थ केली ते रहमत खाँ १९२२ साली कुरुंदवाडासच पैगंबरवासी झाले.

रहमत खाँसाहेबांनी शिष्यशाखा निर्माण केली नाही; त्यांच्या मनाची स्थिती तशी नव्हती. त्यांच्या उतारवयात घेतलेल्या काही ध्वनिमुद्रिका उरल्या आहेत, आणि त्या ऐकताना सरळ, टोकदार सुराने काळजाला हात घालणारा तो आवाज ऐकणारा कोणीही विसरणार नाही. त्यांच्या गाण्याचा खरा वारसा एका ऐकणाऱ्याकडे गेला. दिल्लीच्या उत्तरेस असलेल्या कैरान्याहून निघून, बडोद्याच्या दरबारात काही काळ घालवून जे मराठी मुलखात आले, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायकीवर रहमत खाँ यांच्या सुराची छाया पडली हे जाणकार एकमुखाने सांगतात. शिकविले नाही, तरी कुरुंदवाड-मिरजेच्या आसमंतात तो सूर वर्षानुवर्षे हजर होता, आणि घेणाऱ्याने तो घेतला. आपल्या तालुक्यातल्या एका माणसाने गुरूचे ऋण फेडण्यासाठी एक आजारी गवई सांभाळला नसता तर हे घडले नसते, म्हणून अंकलखोपच्या या सत्कृत्याचा उल्लेख मी येथे मुद्दाम विस्ताराने केला.

अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेस घर केले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची अपार श्रद्धा. प्लेगच्या साथीत आपण वाचलो ते या अवलियाच्या कृपेने, अशी त्यांची भावना होती. उत्तरेकडच्या मुसलमान घराण्यातला हा गायक मराठी नाट्यपदे गाई, दक्षिणेकडे जाऊन कर्नाटक पद्धतीचे सूरलगाव आत्मसात करी, आणि आपल्या शाळेत ब्राह्मण विद्यार्थ्यांना घरच्या मुलांप्रमाणे वागवी. १९१३ साली पुण्यास त्यांनी चालविलेल्या आर्य संगीत विद्यालयाचे नाव आणि संस्थापकाचे नाव शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्या काळच्या मनाचा मोकळेपणा डोळ्यांपुढे उभा राहतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे श्रुतींची गणिते मांडीत बसलेले असता, कागदावरची ती सूक्ष्म अंतरे गळ्याने काढून दाखविण्यासाठी खाँसाहेब त्यांच्या मदतीस गेले; सरकारी दफ्तरात आयुष्य घालविलेला मराठी गृहस्थ आणि कैरान्याचा गवई यांची ही भागीदारी मला फार हृद्य वाटते. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. आणि भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासेकडच्या एका लहानशा रेल्वे स्टेशनावर खाँसाहेबांनी देह ठेवला, परंतु त्यांची समाधी मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यातच आहे, आणि दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. जवळच, एके काळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांची तंबोरे आणि सतारी करण्याची दुकाने आहेत. फरीदसाहेब सतारमेकरांपासून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या या कसबास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परमुलुखातून आलेले गवई नसते तर या कारागिरांना गिऱ्हाईक तरी कोठून मिळाले असते?

कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरी आलेल्या जयपूरकडच्या अल्लादिया खाँसाहेबांविषयी संग्रहात स्वतंत्र लेख असल्याने येथे त्यांचे नाव घेऊन थांबतो, आणि पलूसकरांकडे वळतो.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळ्यांस इजा झाल्यामुळे विष्णु दिगंबरांचे शिक्षण खुंटले. उपचारासाठी त्यांस मिरजेस नेले. तेथील डॉक्टर भडभड्यांनी दृष्टीच्या भरवशाचा धंदा या मुलाला करता येणार नाही हे ओळखून गाणे शिकविण्याचा सल्ला दिला, आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवांच्या हाती पडला. बुवांच्या शिस्तीत तयार झालेला हा शिष्य १८९६ साली मिरज सोडून निघाला. एका समारंभास आपणांस आमंत्रण आले, परंतु गुरुजींस आले नाही, कारण गवई म्हणजे हलक्या दर्जाचा इसम असे सरदार-दरकदार मानीत. या अपमानाने तरुण मन पेटले, असे सांगतात. घटना कशीही घडलेली असो, त्यानंतरची त्यांची तीस वर्षे पाहता त्या सांगण्यात तथ्य असले पाहिजे असेच मला वाटते. दरबाराची तैनात नको, गाणाऱ्याचा मान समाजाने राखला पाहिजे, आणि समाजाने मान राखावयाचा तर गाणे समाजाला आले पाहिजे, अशा क्रमाने त्यांचा विचार पुढे गेला. साताऱ्यावरून बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर, अमृतसर असा त्यांचा प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. गाणे ऐकण्यासाठी पैसे देऊन कोणीही यावे आणि सन्मानाने बसावे ही कल्पना त्या काळी सर्वस्वी नवी होती. मथुरेस त्यांनी व्रजभाषा अभ्यासिली. ज्या चिजा आपण मिरजेस केवळ कानाने पाठ केल्या त्यांचे शब्द शुद्ध असावेत, त्यांचा अर्थ शिकणाऱ्यास सांगता यावा, याची आच त्यामागे होती.

आणि मग लाहोर. उर्दू-पंजाबी बोलीचे, दरबारी गवय्यांचे आणि तवायफांच्या कोठ्यांचे ते शहर. भल्या घरातल्या मुलाने गाणे शिकावे ही गोष्ट तेथे मराठी मुलखापेक्षाही अधिक अब्रह्मण्यम् होती. शाळा उघडून कित्येक दिवस झाले तरी विद्यार्थी म्हणून कोणी फिरकेना, आणि तरीही पंडितजी नेमलेल्या वेळी तंबोरा लावून बसत, अशी आठवण त्यांच्या परंपरेत सांगतात. पुढे मुले आली, नागरिकांनी वर्गणी दिली, काश्मीरच्या महाराजांसारख्यांचे साहाय्य मिळाले. आश्रय घ्यावा पण चाकरी पत्करू नये, असा त्यांचा बाणा होता. शाळेला वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा, प्रमाणपत्र आणि क्रमिक पुस्तके अशी सारी अंगे त्यांनी दिली. त्यासाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती रचिली, छापखाना चालविला, बालप्रकाश आणि रागप्रवेश यांसारख्या पुस्तकमाला काढल्या. चिजांतील उघडा शृंगार गाळून सूर, तुलसी, मीरा यांच्या पदांना त्यांनी रागांत बसविले, कारण ज्या गृहस्थाश्रमी कुटुंबांच्या ओसरीवर हे गाणे न्यावयाचे होते तेथे त्यांस तेच शब्द शोभते. या फेरफाराने रसहानी झाली असे म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्यांच्याशी मी काही अंशी सहमत आहे. जुन्या चिजांतील शृंगार हा त्यांच्या स्वररचनेचाच प्राण असतो. तथापि ज्या आईबापांनी मुलींना तंबोऱ्यास हात लावू दिला त्यांनी तो कोणत्या अटीवर लावू दिला, याचाही विचार केला पाहिजे.

या कार्याचे मर्म उपदेशक वर्गात होते. होतकरू मुलांकडून करारनामा लिहून घेऊन, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार संस्थेने उचलून, त्यांस गवई आणि शिक्षक अशा दुहेरी कामासाठी तयार करावयाचे, आणि मग परप्रांतांत पाठवावयाचे, अशी ही योजना होती. १८९८ साली मिरजेस जन्मलेले विनायकराव पटवर्धन १९०७ साली लाहोरास पोहोचले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. नऊ वर्षांच्या मराठी मुलाने, ज्या थंडीची त्याला कल्पना नाही अशा थंडीत, परक्या पाण्यावर आणि परक्या बोलीत, भल्या पहाटे उठून षड्ज लावावयाचा. आणि तो ज्या चिजा घोकीत होता त्या ग्वाल्हेरहून मिरजेस येऊन मिरजेहून पुन्हा उत्तरेस निघालेल्या. गुजरातेतून आलेले ओंकारनाथ ठाकूर १९१६ साली लाहोरच्या शाळेचे प्रमुख झाले तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतबाहेर होते. जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात, जेथे पंजाबातील रसिक थंडीत रात्रभर बसून गाणे ऐकतात, विष्णु दिगंबर आणि पुढे त्यांचे शिष्य वारंवार हजेरी लावीत राहिले, आणि त्या मेळ्याच्या श्रोत्यांनी कृष्णाकाठच्या या गवय्यांना आपले मानले.

वर्गात शिकवून गवई होत नाही, हा आक्षेप त्या काळीही होता आणि आजही आहे. गुरूच्या घरी राहून, त्याचे पाय चेपून, त्याच्या तंबोऱ्यामागे बसून जे मिळते ते घंटा वाजली की संपणाऱ्या तासात मिळत नाही, हे खरे आहे. पंडितजींची स्वरलेखनपद्धती सूक्ष्म होती खरी, परंतु अवघड; पं. भातखंड्यांची सुटसुटीत पद्धती पुढे तिच्याहून अधिक रूढ झाली. आक्षेपकांना माझे उत्तर एवढेच की, ज्या शहरात घराण्याचा गुरूच नाही तेथे गुरुगृहवास करावयाचा कोणी आणि कोठे? परमुलुखात प्रथम ऐकणारा निर्माण करावा लागतो. गाणे म्हणजे काय हे ज्याला थोडे तरी स्वतः गाऊन समजले आहे असा ऐकणारा. गांधर्व महाविद्यालयाने असे सहस्रावधी ऐकणारे निर्माण केले, आणि त्यांच्यातूनच उद्याच्या गवय्यांस घरे, मैफली आणि शिष्य मिळाले. ही कामगिरी मोठमोठ्या गवय्यांची नामावळी देण्याइतकीच श्रेष्ठ आहे, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

१९०८ साली मुंबईस शाळा निघाली आणि पंडितजींचा मुक्काम तिकडे हलला. मुंबईची इमारत कर्ज काढून उभारली. जलशांच्या उत्पन्नातून ते फिटावे ही अपेक्षा फोल ठरली, आणि अखेर सावकारांच्या तगाद्यांपायी वास्तू हातची गेली. पंडितजी नाशकास रामनामात रमले. तोवर शिष्य मात्र देशभर पांगले होते. नारायणराव खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, तेथील प्रार्थनेला त्यांनी सूर दिले, आणि १९३० साली दांडीच्या वाटेवर महात्माजींबरोबर चालले. विष्णु अण्णाजी कशाळकर प्रयागास स्थिरावले. सांगलीचे शंकरराव बोडस १९२६ साली कानपुरास गेले आणि गिरण्यांच्या त्या शहरात हयातभर शिकवीत राहिले. पुढे आपल्या गायनाने ज्यांनी देशभर कीर्ती मिळविली त्या वीणा सहस्रबुद्धे या त्यांच्या कन्या, जन्म १९४८ सालचा, कानपूरचाच. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. मिरजेचे देवधर मास्तर मुंबईस, विनायकराव पटवर्धन १९३२ पासून पुण्यास, विनयचंद्र मौद्गल्य १९३९ पासून दिल्लीस. यांतील बहुतेकांना नव्या गावी घर शोधावे लागले, भाडे द्यावे लागले, तेथली बोली शिकावी लागली, आणि महिन्याच्या फीवर संसार चालवावा लागला. त्यांच्या पत्नींनी परक्या बाजारात भाजी घेताना, परक्या शेजारणीशी बोलताना आणि दारी आलेल्या शिष्यांच्या पंगती वाढताना जे सोसले त्याचीही गणना या कार्यात झाली पाहिजे. या संग्रहातील लेखांत जेथे जेथे घरातल्या स्त्रियांच्या आठवणी आल्या आहेत ती पृष्ठे मला सर्वांत मोलाची वाटली.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचे निधन झाले. त्यांची बहुतेक अपत्ये अल्पायुषी ठरली. उरलेले चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव पलूसकर, तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांना शिकविले ते वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी. परमुलुखात शिकवून आलेल्या या मंडळींनी गुरूची विद्या गुरुपुत्रास परत केली. बापूरावांच्या स्वच्छ, प्रसन्न, कोठेही न अडखळणाऱ्या गळ्याने हे नाव घरोघर पोहोचविले. १९५५ साली भारतीय शिष्टमंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मेंदूज्वराने गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज कोणालाही ऐकता येतात. वडिलांची शाळा जेथे प्रथम उघडली ते लाहोर मात्र १९४७ पासून परराष्ट्र झाले आहे.

पलूस-तासगावच्या, सांगली-मिरजेच्या आणि कुरुंदवाड-इचलकरंजीच्या वाचकांना शेवटी माझी एक विनंती आहे. आपल्या घराण्यातले कोणी आजोबा, पणजोबा किंवा त्यांचे भाऊ संगीतशिक्षक म्हणून उत्तरेस अथवा गुजरातेत गेले असतील, तर त्यांच्या चिजांच्या वह्या, स्वरलेखनाचे कागद, परीक्षांची प्रमाणपत्रे, करारनामे आणि घरी पाठविलेली पत्रे माळ्यावरच्या ट्रंकांतून बाहेर काढा. मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. ती आहेत तोवर कागदांच्या नकला करून घ्या, घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून माणसांची आणि गावांची नावे विचारून त्यांवर लिहून ठेवा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. या संग्रहाची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा तिच्यात पलूसच्या नावाने लिहिलेले एखादे प्रकरण असावे, अशी माझी इच्छा आहे, आणि ते प्रकरण लिहिण्याचे साहित्य आपल्याच घरांतून मिळावयाचे आहे.